शाईचे पेन भरणे आणि वापरणे : पहिल्या पेनासाठी क्रमवार मार्गदर्शन

शाईचे पेन पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांच्या तक्रारी साधारणपणे दोनच असतात. शाई भरली तरी पेन लिहीत नाही, किंवा पेन लिहिते पण गळते. बहुतेक वेळा दोष पेनाचा नसतो, भरण्याच्या क्रमाचा असतो, आणि दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते : हवा. पेनात जेवढी शाई जायची तेवढी हवा आधी बाहेर पडावी लागते. लिहिताना जेवढी शाई कागदावर उतरते तेवढीच हवा निबेखालच्या बारीक खाचेतून मागे, शाईच्या साठ्यात, शिरावी लागते. ही देवाणघेवाण सुरळीत चालली तर पेन तक्रार न करता लिहिते. ती अडली तर पेन कोरडे पडते आणि ती हाताबाहेर गेली तर थेंब पडतो. पुढचे सर्व टप्पे याच देवाणघेवाणीची काळजी घेण्यासाठी आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम बदलू नये, आणि पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी ते गाळू नयेत.

पेनाच्या भागांची नावे आधी पक्की करून घेऊ. लिहिणारे धातूचे पाते म्हणजे निब. तिच्या मधोमध टोकापर्यंत गेलेली फट म्हणजे चीर, आणि बऱ्याच निबांवर चिरेच्या मागच्या टोकाला असलेले लहानसे भोक म्हणजे श्वासछिद्र. निबेला खालून चिकटलेला, कंगव्यासारखे दाते असलेला प्लॅस्टिकचा किंवा एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, तुकडा म्हणजे जीभ. निब आणि जीभ ज्यात बसवलेली असतात व जिथे आपली बोटे टेकतात, त्या भागाला या लेखात पकड म्हटले आहे. पकडीला मागून आट्यांनी जोडली जाते ती नळी.

टप्पा १ : आपले पेन कोणत्या पद्धतीने भरते ते ओळखणे

टोपण काढून पकड एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरावी आणि नळी सावकाश उलटी फिरवून वेगळी करावी. आत काय दिसते त्यावरून पद्धत ठरते.

पकडीच्या मागे एक पोकळ टोक दिसत असेल आणि नळी मोकळी असेल, तर पेन कार्ट्रिजवर किंवा कन्व्हर्टरवर चालणारे आहे. कार्ट्रिज म्हणजे शाईने आधीच भरलेली, एकदा वापरून टाकायची प्लॅस्टिकची कुपी. कन्व्हर्टर म्हणजे त्याच जागी बसणारी आणि दौतीतून शाई ओढून घेणारी छोटी नळी. ती पुन्हा पुन्हा भरता येते. नळीच्या मागच्या टोकाला फिरणारी कळ असेल आणि ती फिरवल्यावर आतला दट्ट्या मागेपुढे सरकत असेल, तर ते पिस्टनचे पेन. नळी पूर्ण मोकळी असेल, आट्यांपाशी रबरी कडे असेल आणि शाई थेट नळीत ओतायची सोय असेल, तर ते ड्रॉपरने भरायचे पेन.

कार्ट्रिजच्या बाबतीत पहिली मोठी चूक होते ती मापाची. अनेक कंपन्या ‘इंटरनॅशनल स्टँडर्ड’ नावाचे माप पाळतात; त्यातल्या लहान कार्ट्रिजमध्ये सुमारे ०.८ मिलिलिटर आणि लांब कार्ट्रिजमध्ये सुमारे १.४ मिलिलिटर शाई मावते. पण लॅमी, पायलट, पार्कर, प्लॅटिनम आणि सेलर यांची कार्ट्रिजे ज्याच्या त्याच्या मापाची असतात आणि ती एकमेकांच्या पेनात बसत नाहीत. कन्व्हर्टरलाही हाच नियम लागू आहे. जवळपास बसते म्हणून दाबून बसवलेला कन्व्हर्टर पहिल्या दिवशी ठीक वाटतो, आणि मग त्याच्या तोंडाशी राहिलेल्या फटीतून हवा शिरत राहते व पेन गळू लागते.

*तपासणी :* नव्या पेनाची नळी उघडल्यावर आत नीट पाहावे. काही पेनांत जादा कार्ट्रिज उलटे ठेवलेले असते. ते आत तसेच राहिले तर कन्व्हर्टर बसवल्यावर नळी पूर्ण फिरत नाही, आणि जोर लावला तर आटे बिघडतात. काही पेनांत पकड आणि नळी यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे पातळ कडे असते. वाहतुकीत कार्ट्रिज आपोआप फुटू नये म्हणून ते घातलेले असते, आणि ते काढल्याखेरीज कार्ट्रिज पूर्ण आत जात नाही.

टप्पा २ : शाईआधी पाणी

नवे पेन न धुता भरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कारखान्यात निब आणि जीभ घडवताना लागलेल्या तेलकटपणाचा अंश त्यांवर राहू शकतो. जिभेतून शाई पुढे येते ती केशाकर्षणाने, म्हणजे बारीक खाचेच्या भिंतींना चिकटत. भिंतीच तेलकट असतील तर शाई चिकटत नाही, आणि मग भरलेले पेनही अडखळते.

एका भांड्यात साधे पाणी घ्यावे आणि त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाकावा. कन्व्हर्टर पकडीत घट्ट बसवून निब पाण्यात बुडवावी, कळ फिरवून पाणी आत ओढावे आणि बाहेर सोडावे. असे आठदहा वेळा केल्यावर भांडे विसळून त्यात स्वच्छ पाणी घ्यावे आणि साबणाचा अंश जाईपर्यंत तीच क्रिया पुन्हा करावी. कन्व्हर्टर नसेल तर पकड नळाच्या अगदी मंद धारेखाली मागून धरावी; पाणी मागून शिरून निबेतून बाहेर पडले पाहिजे.

शेवटी निब खाली करून पकड टीपकागदावर किंवा घडी घातलेल्या मऊ कागदावर उभी ठेवावी. कागद जिभेतले पाणी शोषून घेतो. काही तास, शक्य असल्यास रात्रभर, ती तशीच राहू द्यावी. पाणी आत राहिले असताना शाई भरली तर पहिल्या पानावर अक्षरे फिकट उमटतात आणि शाई वाईट असल्याचा गैरसमज होतो.

*सावधान :* गरम पाणी, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे द्रावण यांपैकी काहीही वापरू नये. गरम पाण्याने जिभेचा आकार बिघडू शकतो, आणि अशी द्रावणे पेनाचे प्लॅस्टिक खातात. निब आणि जीभ ओढून वेगळी करण्याचीही या टप्प्यावर काहीच गरज नाही.

टप्पा ३ : शाई निवडणे

या टप्प्यावर फार वेळ घालवू नये, पण चुकीची शाई मात्र कटाक्षाने टाळावी. बाटलीवर ती फाउंटन पेनासाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. चित्रकलेची काळी इंडियन इंक, ॲक्रिलिक शाई, शिक्क्याची शाई, प्रिंटरची शाई यांतली कोणतीही पेनात घालू नये. इंडियन इंकमध्ये लाखेसारखा बंधक असू शकतो. ती वाळली की जिभेच्या खाचांत कायमची घट्ट होते, आणि मग पेन धुऊन वाचत नाही.

फाउंटन पेनाच्या शायांमध्येही फरक असतो. सुरुवातीला साधी, पाण्याने धुता येणारी निळी शाई सर्वांत सुरक्षित, कारण ती वाळली तरी पाण्यात सुटते आणि हाताला लागली तरी निघते. रंगद्रव्याच्या जलरोधक शाया, लोहयुक्त शाया आणि चमकी मिसळलेल्या शाया नियमित धुण्याची शिस्त लागल्यानंतर वापराव्यात. पेन पारदर्शक असेल तर गडद लाल व जांभळ्या शाया काही काळ टाळाव्यात. त्यांचे डाग प्लॅस्टिकमध्ये मुरतात.

*सावधान :* दोन वेगळ्या शाया पेनातच एकत्र करू नयेत. शायांची आम्लता वेगवेगळी असते, आणि त्या मिसळल्यावर कधी कधी गाळ बसतो. दौतीत तो डोळ्यांना दिसतो, जिभेच्या खाचेत दिसत नाही.

टप्पा ४ : शाई भरणे

टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरावे, हाताशी ओले फडके आणि टीपकागद ठेवावा, आणि दौत हलणार नाही अशा सपाट जागी ठेवूनच उघडावी. बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी ती हलवू नये. झाकणाला लागलेली शाई उघडताना बोटांवर येते.

*कार्ट्रिज.* कार्ट्रिजचे जे तोंड पकडीतल्या पोकळ टोकावर बसायचे, त्याला पातळ पडदा किंवा आत ढकलली जाणारी छोटी गोळी असते. पकड उभी धरावी, निब वरच्या बाजूला असावी, आणि कार्ट्रिज खालून सरळ रेषेत दाबावे. पडदा फुटल्याचे बोटाला स्पष्ट जाणवते. तिरके दाबले तर पडदा एका बाजूने फाटतो आणि तोंडाशी फट राहते. एकदा बसलेले कार्ट्रिज पुन्हा पुन्हा काढून पाहू नये, कारण दर वेळी त्याचे तोंड थोडे सैल होते.

*कन्व्हर्टर आणि पिस्टन.* बहुतेकांची गडबड होते ती येथे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

कन्व्हर्टर पकडीत घट्ट बसवावा आणि कळ फिरवून दट्ट्या निबेच्या बाजूला पूर्ण पुढे आणावा. म्हणजे आतली हवा आधीच बाहेर गेलेली असते. आता निब दौतीत बुडवावी. किती बुडवावी यातच चूक होते. केवळ टोक बुडवून काही मिळत नाही, कारण शाई टोकातून आत येत नाही. ती जिभेच्या खाचेतून येते, आणि जीभ उघडी राहिली तर कन्व्हर्टर शाईऐवजी हवा ओढतो. पूर्ण निब, श्वासछिद्र आणि पकडीचा अगदी थोडा भाग शाईखाली गेला पाहिजे. दौतीत शाई कमी उरली असेल तर दौत किंचित कलती करावी, पण निबेचे टोक तळाला टेकू देऊ नये.

कळ सावकाश उलटी फिरवत दट्ट्या मागे घ्यावा. वर पोहोचल्यावर लगेच निब बाहेर काढू नये. चारपाच सेकंद थांबावे, कारण शाई आत यायला दट्ट्यापेक्षा जास्त वेळ घेते. पहिल्या खेपेला कन्व्हर्टर अर्धा-पाऊणच भरलेला दिसतो आणि वरच्या बाजूला हवेचा पट्टा राहतो. हे अपयश नव्हे. जिभेच्या खाचांत जी हवा होती तीच शाईआधी आत आलेली असते. ती काढण्याची पद्धत अशी : निब दौतीतून बाहेर काढून वर करावी, नळीवर नखाने टिचक्या माराव्यात म्हणजे बुडबुडा निबेच्या दिशेने वर चढतो, निबेभोवती टीपकागद धरावा आणि कळ अगदी हळू पुढे फिरवावी. श्वासछिद्रात शाईचा बारीकसा चमकदार ठिपका दिसला की थांबावे. हवा गेली आणि शाई काठाशी आली, याची ती खूण आहे. मग निब पुन्हा बुडवून दट्ट्या मागे घ्यावा. या दुसऱ्या खेपेला कन्व्हर्टर जवळजवळ काठोकाठ भरतो.

भरणे इथे संपत नाही, आणि पुढची पायरी गाळल्यामुळेच नुकत्याच भरलेल्या पेनातून पहिल्या पानावर थेंब पडतो. दौतीतून बाहेर काढलेल्या पेनाची जीभ दात्यांपर्यंत शाईने गच्च भरलेली असते. ते दाते जादा शाई तात्पुरती धरून ठेवण्यासाठी असतात. हाताच्या ऊबेने आतली हवा फुगली आणि शाई पुढे ढकलली गेली, तर ती दात्यांत मावते. दाते आधीच भरलेले असतील तर तिला कागदाशिवाय जागा उरत नाही. म्हणून निब दौतीवर धरून कळ फिरवून दोनतीन थेंब परत सोडावेत, मग निब वर करून दट्ट्या शेवटपर्यंत मागे घ्यावा. जिभेतली जादा शाई आत खेचली जाते आणि दाते मोकळे होतात.

यानंतर निब आणि पकड मऊ फडक्याने किंवा टीपकागदाने पुसावी. निब पुसताना फडके मागून टोकाकडे हलके न्यावे आणि टोकाशी ओढू नये, कारण चिरेत अडकलेला एक धागादेखील अक्षर जाड करतो.

*दाबपट्टीचा कन्व्हर्टर.* आत रबरी पिशवी आणि बाजूला धातूची पट्टी असेल, तर निब बुडवून पट्टी दाबावी, सोडावी, पाच सेकंद थांबावे आणि पुन्हा दाबावी. पाचसहा वेळा दाबल्यावर पिशवी भरते. मध्ये न थांबता भराभर दाबत राहिल्यास आलेली शाईच परत बाहेर जाते.

*ड्रॉपर.* नळी उभी धरून ड्रॉपरने शाई आट्यांच्या किंचित खालपर्यंत भरावी. नळी काठोकाठ भरली तर पकड फिरवून बसवताना शाई आट्यांतून उसळते. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा; पेट्रोलियम जेली लावू नये, ती रबरी कड्याला खराब करते. साध्या कार्ट्रिजच्या पेनाची नळी ड्रॉपरसारखी वापरायची असेल तर आधी पाणी भरून पाहावे. लॅमी सफारीसारख्या पेनाच्या नळीला खिडकी म्हणजे खरे आरपार भोक असते, आणि धातूच्या नळीत शाई गंज आणते.

*तपासणी :* ड्रॉपरच्या पेनात शाई एकतृतीयांशाखाली गेली की ते पुन्हा भरावे. नळी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, आणि हाताच्या ऊबेने तीच हवा फुगून शाईचा थेंब बाहेर ढकलते. ‘आठवडाभर छान चालले आणि मग अचानक गळले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

टप्पा ५ : शाई टोकापर्यंत आणणे

दौतीतून भरलेले पेन लगेच लिहिते, कारण भरतानाच जीभ भिजलेली असते. कार्ट्रिज बसवलेले किंवा ड्रॉपरने भरलेले पेन मात्र वेळ घेते. निब खाली करून ते पाचदहा मिनिटे पेल्यात उभे ठेवावे. तरीही शाई आली नाही तर कार्ट्रिजच्या कडा बोटांनी हलकेच दाबाव्यात, किंवा निबेचे टोक पाण्यात क्षणभर बुडवून टीपकागदावर टेकवावे. कागद शाई पुढे ओढून घेतो.

*सावधान :* पेन हवेत झटकू नये. झटक्याने शाई येते खरी, पण ती एकदम येते, दाते भरून टाकते, आणि भिंतीवर व कपड्यांवर उडते ते वेगळेच.

टप्पा ६ : धरणे, कोन आणि दाब

बॉलपेनाची सवय इथे सर्वांत जास्त नडते. बॉलपेनातली शाई दाट असते, आणि गोळी फिरवायला ती कागदावर थोडी दाबावी लागते. शाईच्या पेनात दाबाची गरजच नाही. निबेचे टोक कागदाला टेकले की कागदाचे तंतू शाई ओढून घेतात. दाब दिला की चिरेच्या दोन बाजूंचे निबेचे भाग, म्हणजे पाती, फाकतात, मधली शाईची सलग रेषा तुटते, आणि कागदावर रेल्वेच्या रुळांसारख्या दोन बारीक रेघा उमटतात. शाई येत नाही म्हणून नवशिका आणखी दाबतो, पाती आणखी फाकतात, आणि शेवटी त्या कायमच्या फाकलेल्या राहतात.

पेन कागदाशी साधारण ४० ते ५५ अंशांच्या कोनात असावे. बॉलपेनासारखे उभे धरले तर टोकाची कड कागदाला खरवडते. निबेची वरची बाजू सरळ आपल्याकडे, छताकडे, असावी; ती डावीकडे किंवा उजवीकडे वळली तर चिरेची एकच पाती कागदाला टेकते, दुसरी हवेत राहते आणि अक्षर तुटक येते. तर्जनी पेनाच्या माथ्यावर ठेवून ती चिरेच्या रेषेत आहे का, हे लिहायला सुरुवात करताना एकदा पाहावे. नवशिक्यांसाठीच्या काही पेनांची पकड तीन बाजूंची असते ती यासाठीच.

सुरुवातीची दहा मिनिटे अक्षरे लिहू नयेत. मोठे आठ काढावेत, मग उभ्या आणि आडव्या रेघा, मग गोल. पेन एकाच दिशेला खरवडत असेल तर निब वळवून पाहावी. बहुतेक वेळा दोष निबेत नसून मनगटाच्या वळणात असतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांचा हात लिहिलेल्या ओळीवरून जातो, त्यामुळे त्यांनी लवकर सुकणारी शाई आणि बारीक निब घ्यावी, व हात ओळीच्या खाली ठेवण्याची सवय करावी.

*तपासणी :* वहीच्या पाचसहा पानांच्या गठ्ठ्यावर वरच्या पानावर एक ओळ लिहावी आणि ते पान उलटून त्यावरून बोटाचे टोक फिरवावे. अक्षरांचे उंचवटे बोटाला लागले तर दाब जास्त आहे. दाब योग्य असेल तर पानाची मागची बाजू सपाट लागते.

कागदाचे एक सांगायला हवे, कारण त्याचा दोष पेनावर येतो. शोषक कागदावर शाई तंतूंमधून पसरते, रेघेला केसाळ कडा येतात आणि मागच्या बाजूला ठिपके फुटतात. जाड कागद म्हणजे चांगला कागद असे नाही. कागदाच्या पृष्ठभागाला शाई थोपवणारे लेपन किती, यावर ते अवलंबून असते. वही घेण्याआधी तिच्या शेवटच्या पानावर एक शब्द लिहून पाहावा. जपानी बनावटीची ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) निब साधारणपणे युरोपीय ‘एफ’ निबेपेक्षा बारीक लिहिते, म्हणून शोषक कागदच वापरावा लागत असेल तर ती निब सोयीची पडते.

माझे एक पेन पानाच्या वरच्या भागात उत्तम चालायचे आणि खालच्या भागात अडखळायचे. आठवडाभर मी निबेलाच दोष देत होतो, ती दोनदा धुतली, शाईही बदलली. मग एका रात्री लिहिता लिहिता दिव्याच्या तिरप्या उजेडात पानाच्या खालच्या भागावर तळहाताचा तेलकट पट्टा चमकताना दिसला. वर लिहीत असताना हात त्या जागेवर टेकत होता आणि कागदाने तेल घेतले होते. तिथे शाई चिकटतच नव्हती. तेव्हापासून हाताखाली एक कोरा कागद ठेवतो, आणि ते पेन पुन्हा अडले नाही.

टप्पा ७ : थांबताना आणि सोबत नेताना

निब उघडी ठेवून विचार करत बसू नये. दोन-तीन मिनिटांत टोकाची शाई वाळू लागते आणि पुढच्या अक्षराची पहिली रेघ गाळली जाते. मध्ये थांबायचे असेल तर टोपण टेकवून ठेवावे.

दाबून बसणारे टोपण सावकाश काढावे आणि सावकाश बसवावे. झटक्याने काढले तर टोपणात क्षणभर पोकळी होते आणि जिभेतली शाई बाहेर ओढली जाते. टोपणात आणि निबेवर दिसणारे शाईचे शिंतोडे बहुधा त्यामुळेच असतात.

खिशात किंवा पिशवीत पेन निब वर करूनच ठेवावे. टेबलावर आडवे ठेवले तरी चालते. विमानात बाहेरचा दाब कमी होतो आणि पेनातली हवा फुगते, म्हणून पेन काठोकाठ भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि चढताना निब वर असावी. अर्धे भरलेले पेन सर्वांत जास्त गळते, कारण हवा आणि शाई दोन्ही आत असतात.

टप्पा ८ : पुन्हा भरणे आणि धुणे

तीच शाई पुन्हा भरताना दर वेळी धुण्याची गरज नाही. पण शाई बदलताना, आणि एकच शाई वापरत असल्यास साधारण महिन्याने, पेन पाण्याने धुवावे. लोहयुक्त किंवा रंगद्रव्याची शाई असेल तर याहून लवकर धुवावे. पाणी स्वच्छ आले म्हणजे पेन स्वच्छ झाले असे समजू नये. पकड टीपकागदावर निब खाली करून ठेवली की काही वेळाने कागदावर पुन्हा रंगाचा डाग उमटतो. ती जिभेत दडलेली शाई असते. डाग येईनासा होईपर्यंत धुणे संपलेले नाही.

दोन आठवडे पेन वापरायचे नसेल तर शाई काढून, धुऊन, कोरडे करूनच ठेवावे. पेनातून काढलेली शाई बाटलीत परत ओतू नये. जिभेत साठलेला कचरा आणि पाणी त्यासोबत सगळ्या शाईत जाते आणि बाटलीत बुरशी येऊ शकते.

टप्पा ९ : पेन अडले तर याच क्रमाने पाहावे

१. शाई आहे का? कन्व्हर्टर उघडून बघावा. अरुंद कन्व्हर्टरमध्ये शाई मागच्या टोकाला चिकटून राहते आणि पुढे रिकामी जागा दिसते. द्रवाच्या पृष्ठताणामुळे ती स्वतःहून खाली येत नाही. निब खाली करून नळीवर टिचकी मारली की सुटते. काही कन्व्हर्टरमध्ये शाई हलवण्यासाठी धातूच्या बारीक गोळ्या घातलेल्या असतात.

२. टोक वाळले का? निब दहा सेकंद पाण्यात बुडवून टीपकागदावर टेकवावी. एवढ्याने चालू झाले तर टोपण हवाबंद बसत नसावे किंवा पेन उघडे राहिले असावे.

३. कागद तेलकट आहे का? दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहून पाहावे.

४. जीभ तुंबली का? टप्पा २ प्रमाणे साबणाच्या थेंबाने धुवावी, वाटल्यास रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावी.

५. चिरेत काही अडकले का? भिंगातून पाहावे. तंतू दिसला तर पातळ पितळी पत्रा चिरेतून हलकेच सरकवावा. पितळ निबेच्या पोलादाहून मऊ असते, त्यामुळे कड कापली जात नाही. ब्लेड वापरू नये.

६. दोन्ही पाती एका पातळीत आहेत का? निब डोळ्यांसमोर सरळ धरून टोकाकडे पाहावे. एक पाती वर आणि एक खाली दिसत असेल, तर खाली आलेली पाती नखाने अगदी हलकेच वर उचलावी, प्रत्येक वेळी लिहून पाहावे, आणि तिसऱ्या प्रयत्नानंतरही फरक पडला नाही तर थांबून पेन जाणकाराकडे द्यावे. टोकावर पॉलिश पेपर घासण्याचा मोह या टप्प्यावर आवरावा. टोकाला बसवलेला कठीण धातू एकदा घासला गेला की परत आणता येत नाही.

पेन अडण्याऐवजी गळत असेल, तर आधी कन्व्हर्टर किंवा कार्ट्रिज पूर्ण आत बसले आहे का, मग आटे घट्ट आहेत का, आणि शेवटी कन्व्हर्टरला किंवा पकडीला तडा गेला आहे का, हे पाहावे. तडा डोळ्यांना दिसत नसला तर पकडीत पाणी भरून ती कोरड्या टीपकागदात गुंडाळावी. ज्या जागी कागद ओला होईल, तिथे तडा आहे.